पंखा बंद असतानाचं गाणं

परवा कपाटाच्या वरच्या फळीवरून कानटोपी काढली. डांबराच्या गोळीचा वास, एका बाजूला उसवलेली शिवण, आणि आत लोकरीत अडकून बसलेला तिळाचा एक दाणा. मागच्या संक्रांतीचा असणार. टोपी डोक्यावर चढवली, आधी डावा कान झाकला, मग उजवा. डाव्याला झाकलं काय आणि उघडं ठेवलं काय, आता फारसा फरक पडत नाही. पण थंडी त्यालाही वाजतेच, म्हणून त्याचाही मान राखते.

पुण्यात थंडी आल्याचं कुणाला कशावरून कळतं, कुणाला कशावरून. कुणाला मटाराच्या ढिगावरून, कुणाला ओल्या हळदीच्या लोणच्यावरून, कुणाला सकाळी टेकडीवरून उतरणाऱ्या लोकरी माणसांवरून. आम्हा चौघांना ती पंख्यावरून कळते. ज्या रविवारी वारज्यातल्या ओंकारच्या दिवाणखान्यातला पंखा बंद ठेवूनही कुणाला उकडत नाही, त्या रविवारी आमचा हंगाम सुरू होतो. होळीच्या सुमाराला घाम यायला लागला, पंखा लावावा लागला, की संपतो. कारण साधं आहे. नाना म्हणतात, ‘पंख्याच्या घरघरीत गाणं ऐकणं म्हणजे गिरणीत बसून गुपित सांगणं.’

आम्ही काय करतो, तर नवे अल्बम ऐकतो. हल्ली ते शुक्रवारी येतात, फोनमध्ये, न सांगता न सवरता. पूर्वी नव्या कॅसेटचं वेष्टण नखानं फाडताना जो एक चर्र आवाज यायचा तोही आता उरलेला नाही. त्यांतला एक निवडायचा आणि रविवारी सकाळी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मधे न थांबता, ऐकायचा. ख्याल असो, रॅप असो, गिटारींचा गदारोळ असो, की कुणी उशीत तोंड खुपसून गायलेलं भावगीत. ऐकताना बोलायचं नाही. फोन बघायचा नाही. आमच्यातली धाकटी मृण्मयी लोणी काळभोरहून येताना ओल्या हरभऱ्याची जुडी आणते, ती समोर असली तरी सोलायची नाही, कारण टरफलांचा आवाज होतो. अल्बम संपला की मत द्यायचं, तेही सर्वांत लहानानं आधी आणि सर्वांत मोठ्यानं शेवटी. मोठ्यांनी आधी तोंड उघडलं की धाकटे त्यांच्याच सुरात सूर मिसळतात, म्हणून हा नियम. शेवटी प्रत्येकानं तीनपैकी एक निकाल द्यायचा: ‘ठेवा’, ‘पुन्हा ऐका’, किंवा ‘संपलं’. मग चहा.

नियम नानांचे. नाना म्हणजे नारायण पेठेतले पंचाहत्तरी ओलांडलेले गृहस्थ. कारखान्यात तपासणी खात्यात आयुष्य गेलं. यंत्राचा भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवून बघायचा आणि नापास करायचा, हे वर्षानुवर्षं केल्यामुळे ‘चांगलं आहे’ हे शब्द त्यांच्या तोंडून सहजासहजी निघत नाहीत. फार आवडलं तर ‘तक्रार नाही’ म्हणतात. त्यांची माझी ओळखही तक्रारीतूनच झाली. मी शाळेत भूगोल शिकवते आणि एका मासिकात नव्या अल्बमांवर लिहिते. एकदा एका गायिकेच्या अल्बमचं मी तोंड भरून कौतुक केलं होतं. मासिकाकडून नंबर मिळवून नानांनी फोन केला.

‘बाई, तो अल्बम तुम्ही पूर्ण ऐकलात का?’

‘हो, पूर्ण ऐकला.’

‘मग तर आणखीच काळजीचं आहे.’

आणि मग त्यांनी मला रविवारी वारज्याला बोलावलं. ओंकार हा त्यांचा पूर्वीचा भाडेकरू, मूळचा अकोल्याचा, आयटीतला. त्यानं वारज्यात फ्लॅट घेतला आणि पहिल्या पगारवाढीत स्पीकरची जोडी आणली. त्या जोडीपायी नाना दोन बस बदलून तिकडे जायला लागले. मृण्मयीला मी नेलं. माझी जुनी विद्यार्थिनी, आता कॉलेजात, कानात सदा काहीतरी खुपसलेलं. मंडळाला नाव काय द्यायचं असं तिनं विचारलं तेव्हा नाना म्हणाले, ‘आपण नावं ठेवायला जमतो. ठेवून घ्यायला नाही.’

ओंकारच्या दिवाणखान्याची मांडणीही नानांचीच. ध्वनिमुद्रण करणारा माणूस वाद्यांना जागा देतो, हे मला तिथे कळलं. तबला जरा उजवीकडे, सारंगी डावीकडे, गाणारा मधोमध. डोळे मिटले की समोर बैठक दिसली पाहिजे, असं नानांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी टेप लावून स्पीकरच्या जागा मोजल्या आणि फरशीवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. ओंकारची बायको कीर्ती, तिनं एकदा झाडताना उजवा स्पीकर वीतभर सरकवला. त्या रविवारी नाना पहिल्याच गाण्याला म्हणाले, ‘आज तबलजी रुसून दाराशी बसलाय.’ तेव्हापासून कीर्ती रविवारी सकाळी सरळ टेकडीवर फिरायला जाते. दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर एक वेताची खुर्ची होती. ती नानांची. पाहुणा आला तरी त्या खुर्चीवर बसायची प्राज्ञा नव्हती.

थंडी आली की मला आठवतो तो मागचा हिवाळा. त्यातले अल्बमही आठवतात, पण त्यांच्यावरची मतं जास्त आठवतात. येरवड्याच्या चार पोरांनी केलेला रॅपचा अल्बम मृण्मयीनं आणला होता. गल्लीतल्या नळावरची भांडणं, पत्र्यावरचा पाऊस, आईच्या हाताला येणारा भांडी घासायच्या पावडरचा वास, सगळं धडाधड ओळीत येत होतं. मृण्मयी नानांकडे बघत होती. नाना म्हणाले, ‘प्रत्येक शब्द कळला. आमच्या भावगीतवाल्यांना यांच्याकडे शिकवणीला पाठवा. ठेवा.’ तिनं आनंदानं अख्खी हरभऱ्याची जुडी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यानंतर एका नामांकित बुवांचा ख्यालाचा अल्बम. रागाचे चार-चार मिनिटांचे तुकडे केलेले, ऐकणाऱ्यांना धीर नसतो म्हणे. ओंकारला तो आवडला. तो म्हणाला, ‘ऑफिसला जाता-जाता एक राग होते ना जी, काय वाईट आहे?’ नाना म्हणाले, ‘वाईट काही नाही. जेवायला बोलावून ताटाचा फोटो दाखवलाय, एवढंच.’ एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा गिटारी, ढोल आणि आरडाओरडा असलेला अल्बम ऐकताना मी मनातल्या मनात खोबरं वाटायच्या मिक्सरचं बटण शोधत होते. नाना मात्र मांडीवर बोटानं काहीतरी मोजत होते. शेवटी म्हणाले, ‘एवढ्या वेगात एकही जण लयीतून घसरला नाही. मला त्रास झाला, पण ती माझी अडचण आहे.’ मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आपल्याला न आवडलेल्या गोष्टीलाही न्याय देता येतो, हे मी अनेक वर्षं लिहून शिकले नव्हते ते त्या सकाळी शिकले.

आणि एक फजिती. सतार आणि यंत्रावरचे सूर एकत्र करून कुणी ‘पहाट ते मध्यरात्र’ अशा प्रहरांचा अल्बम केला होता. आम्ही तो ऐकला आणि थक्क झालो. सुरुवात रात्रीपासून, मग एकदम दुपार, मग पुन्हा अंधार, आणि शेवट कलत्या उन्हाचा. मृण्मयी म्हणाली, ‘स्टोरीटेलिंग एकदम नॉन-लिनिअर आहे, कसलं भारी!’ ओंकार म्हणाला, आठवणी अशाच येतात, आगापिछा नसतो. मी काळाच्या मोडतोडीवर बरंच काही बोलले. नाना म्हणाले, ‘दिवस रात्रीपासून सुरू करायला धाडस लागतं. ठेवा.’ चहा झाल्यावर ओंकारच्या लक्षात आलं की त्याच्या फोनमधलं अॅप पत्ते पिसावेत तशी गाणी पिसून लावत होतं. त्या कलाकारानं बिचाऱ्यानं पहाटेपासूनच सुरुवात केली होती. मग शिक्षा म्हणून आम्ही अल्बम पुन्हा, योग्य क्रमानं ऐकला. शेवटी नाना म्हणाले, ‘आपला क्रम जास्त बरा होता.’ आणि निकाल काही बदलला नाही.

तो हिवाळा असा हसतखेळत चालला असता. पण संक्रांतीच्या आधी एका सकाळी मी उठले, कुकर लावला, आणि शिट्टी झाली ती मला शेजारच्या घरात झाल्यासारखी वाटली. फोन वाजला, सवयीनं डाव्या कानाला लावला, तर पलीकडे कुणीच नाही. उजव्या कानाला लावला तर बहीण हॅलो-हॅलो करून वैतागलेली. डावा कान रात्रीत बंद झाला होता. दुखलं नाही, खुपलं नाही. जाताना दार लावून घेतात तसा निघून गेला आणि मागे एक बारीक शीळ तेवढी ठेवून गेला.

डॉक्टर चांगले होते. औषधं झाली, सुया झाल्या. थोडं परत आलं, मग येणं थांबलं. ‘दुसरा कान उत्तम आहे,’ ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण घरी येऊन मी माझा आवडता जुना अल्बम लावला तर बैठक दिसेना. सारंगी कुठे गेली ते कळेना. खोलीतला अर्धा भाग कुणी पडदा ओढून बंद केल्यासारखा. त्या दुपारी मी खूप रडले. ऐकू येणं कमी झालं याचं दुःख होतंच. त्याहून मोठी भीती होती की आता माझ्या मताला काय किंमत? जिला अर्धंच ऐकू येतं तिनं इतरांच्या कामाला चांगलं-वाईट कोणत्या तोंडानं म्हणायचं? मासिकाला सदर बंद करा असं कळवायचं मी ठरवलं. रविवारी वारज्याला गेले नाही. पुढच्याही रविवारी गेले नाही.

मग नानांचा फोन आला. मी सगळं सांगून टाकलं, सदर बंद करणार आहे हेही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. पुन्हा कान गेला की काय, असं मला वाटलं.

‘म्हणजे एकाच कानानं ऐकता,’ नाना म्हणाले. ‘मग तुमच्यावर जास्त विश्वास ठेवायला हवा. आम्ही या कानानं ऐकतो आणि त्या कानानं सोडून देतो. तुमची ती सोय गेली.’

मी आधी हसले, मग मला हुंदका आला. नानांना रडण्याचं काही कळत नाही. ते घाईघाईनं म्हणाले, ‘अहो, लहानपणी आमच्या आळीत एकच रेडिओ आणि त्याला एकच भोंगा. कुठे दोन कान लागत होते? रविवारी या. निकाल द्यायला माणूस कमी पडतंय.’

गेले. दार उघडून आत पाऊल टाकलं तर नाना माझ्या खिडकीजवळच्या जागेवर, सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेले. वेताची खुर्ची रिकामी. नुसती रिकामी नाही, किंचित डावीकडे वळवलेली, म्हणजे बसलं की माझा उजवा कान बरोबर समोर येईल. मी थबकले.

‘नाना, तुमची खुर्ची?’

‘तिथे पंख्याचा वारा लागतो,’ नाना म्हणाले. ‘या वयात सोसत नाही.’

मी वर पाहिलं. पंखा बंद होता. पंखा बंद असतो म्हणून तर आम्ही जमतो. ओंकारनं पटकन ‘ताई, बसा ना जी, उशीर होऊन राहिला’ म्हटलं आणि मी बसले. त्या खुर्चीचा वेत एका बाजूला खचलेला आहे, नानांच्या बसण्यानं. कुणाच्या तरी अनेक वर्षांच्या जागेत आपण बसलोय हे मला पाठीलाही कळत होतं.

आणि काय सांगू, त्या दिवशी मला सगळं ऐकू आलं. पखवाज, बासरी, मागे हलकेच गुणगुणणारा कोरस, काही हरवलं नाही. बैठक दिसली नाही हे खरं, पण कुणी गैरहजरही नव्हतं. मला वाटलं, खुर्चीचा गुण. पुढच्या रविवारीही तेच, त्याच्या पुढेही तेच. हळूहळू धीर आला. सदर चालू ठेवलं. होळीच्या अंकात मी त्या हिवाळ्याचा आढावा घेतला आणि त्यात मोठ्या आत्मविश्वासानं लिहिलं की नव्या ध्वनिमुद्रकांना साधेपणाचं भान येत आहे. डावं-उजवं करण्याचा सोस कमी झाला आहे, वाद्यं पुन्हा जुन्या घरगुती गाण्यासारखी एका सतरंजीवर येऊन बसली आहेत. तो लेख बऱ्याच जणांना आवडला. एका वाचकानं तर मी ओळखलेल्या ‘नव्या प्रवाहा’बद्दल मला धन्यवाद दिले.

त्या काळात नानांचं एक मात्र मला खटकायचं. ‘ठेवा’ नाही, ‘संपलं’ नाही, दर वेळी ‘पुन्हा ऐका’. एकदा तर एका छान अल्बमला म्हणाले, ‘सगळं एकाच खिडकीतून येतंय,’ आणि मृण्मयीला जोरात खोकला आला. मला वाटलं, म्हातारपण. हात आखडता घेतायत. घरी जाऊन ते प्रत्येक अल्बम खरंच पुन्हा ऐकत, हे ओंकारनं सांगितलं होतं. मी म्हटलं, तपासणी खात्याची खोड, जाता जात नाही.

आता गेल्या रविवारचं सांगते. या वर्षीची पहिली बैठक. सकाळी मुठेवर धुकं होतं, रस्त्यात बोरांच्या आणि पेरूंच्या गाड्या लागल्या होत्या. पंखा बंद. मी वेताच्या खुर्चीत, आता ती माझीच झाल्यासारखी. नाना कोपऱ्यात, मृण्मयी जमिनीवर, हरभरा परातीत. कीर्तीचा पाय मुरगळलेला, म्हणून टेकडीऐवजी ती घरातच होती. ‘बघू तरी तुम्ही काय करता ते,’ म्हणून येऊन बसली. ओंकारचा फोन दुरुस्तीला गेला होता, तेव्हा कीर्तीच्या फोनवरून अल्बम लावला. दोन बहिणींनी ओव्या आणि गिटार एकत्र करून केलेला, अगदी नवा.

पहिली ओवी सुरू झाली. एक बहीण गात होती, दुसरीचा आवाज मला लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखा येत होता. अल्बम बरा आहे, पण दुसरीचा आवाज उगीच दाबलाय, अशी मी मनात टीप करत होते. तेवढ्यात कोपऱ्यातून नाना सहज, सवयीनं बोलून गेले, ‘ओंकार, ते एकत्र करायचं राहिलं.’

ओंकारनं भिंतीकडे पाहिलं. मृण्मयीनं डोळे घट्ट मिटून घेतले.

‘काय एकत्र करायचं?’ कीर्तीनं निरागसपणे विचारलं. ‘ते तुझ्या फोनमध्ये असतं तसं? डावं-उजवं एक करतात ते? ते काऊन लागते तुम्हाला?’

नानांनी, ज्यांनी आत्ताच स्वतःचा नियम मोडला होता, तोंडावर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी स्पीकरकडे खूण केली. अल्बम चालू आहे. बोलायचं नाही.

मग मी बोलले नाही. खुर्चीत बसून राहिले आणि समोर दोघी बहिणी गात राहिल्या, एक जवळून, एक लांबून. बैठक दिसावी म्हणून टेप लावून फुल्या मारणारा हा माणूस. तबलजी वीतभर सरकला तर ज्याला सहन होत नाही तो. त्यानं अख्खा उरलेला हिवाळा दोन्ही स्पीकरांतून सारखाच आवाज सोडून, सगळी वाद्यं एका ढिगात गोळा केलेली ऐकली होती. तिघांनी ऐकली होती. मला जेवढं ऐकू येतं तेवढंच सगळ्यांनी ऐकायचं, म्हणजे माझं मत कुणाच्या मताहून उणं पडायला नको. मी ज्याला नवा प्रवाह म्हणून छापून आणलं तो वारज्यातल्या एका फ्लॅटमधून निघाला होता. आणि नाना घरी जाऊन सगळं पुन्हा ऐकत होते, कारण अर्धा बघितलेला नग पास करणं त्यांच्या हातून होत नाही. मला खोटं पाडणंही त्यांच्या हातून होत नाही.

आयुष्यात मला पुष्कळ जणांनी मदत केली आहे. बहुतेक मदतीबरोबर ती केल्याची थोडी जाणीवही आली, आणि त्यात काही वाईट नाही, मीही तशीच देते. पण हे असं, चोरून, कुरकुर करत, आपल्याच आवडीवर पाणी सोडून केलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात वर केला तर सगळ्यांना कळलं असतं, म्हणून मी ते वाहू दिलं.

शेवटची ओवी संपली. मृण्मयी सगळ्यांत धाकटी, तिनं आधी मत दिलं, काय दिलं ते मला आठवत नाही. कीर्तीनं दिलं, ओंकारनं दिलं. माझी पाळी आली.

‘मत नंतर देते,’ मी म्हटलं. ‘आधी एक सांगा. गेल्या हिवाळ्यात तुम्ही सगळे काय ऐकत होतात?’

ओंकार आणि मृण्मयी नानांकडे बघायला लागले. नाना हरभऱ्याचा घाटा हातात घेऊन उजेडात फिरवत होते, नापास करायच्या बेतात असल्यासारखे.

‘तुम्ही ऐकत होतात तेच,’ ते म्हणाले. ‘निकाल द्या, बाई. चहा खोळंबलाय.’

‘ठेवा,’ मी म्हटलं. कशाला म्हटलं, ते कुणी विचारलं नाही.